पिकअप घ्यायचीय, पण बीएस-६ इंजिनाची धास्ती वाटते, काय बघावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्नर तालुक्यातल्या एका टोमॅटोवाल्या दादांना पिकअप घ्यायची आहे. स्वतःचा माल आहे, शेजारच्या दोघांचाही न्यायचा आहे. रोज नारायणगावच्या बाजारात, म्हणजे जायला ९ किलोमीटर, आणि सीझनला आठवड्यातून दोनदा माळशेज उतरून वाशी. समोर दोन गाड्या आहेत: शोरूममधली नवी बीएस-६ (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी नियम, आकडा मोठा तितके कडक), किंवा पाहुण्यांच्या ओळखीतली २०१८ची बीएस-४, रनिंग १ लाख ३८ हजार. बीएस-६चा फिल्टर चोक होतो, डिझेल फवारणारे इंजेक्टर जातात, मध्येच ताकद सोडते असं चारचौघांत ऐकून ते बिचकलेत. कुठलं इंजिन टिकेल, असं विचारतायत.

दादा, मी २२ वर्षं डिझेल गाड्यांचंच काम करतोय. त्यातल्या निम्म्याहून जास्त पिकअप. माझ्याकडे इंजिन बांधायला आलेल्या गाड्या आठवल्या तर कंपनीचं नाव क्वचितच कारण निघालं. एकच मॉडेल, एकाच वर्षाचं. एकानं तीन लाख किलोमीटर इंजिनाला पान्हा न लावता चालवलं आणि दुसऱ्यानं ऐंशी हजारांत क्रँकपर्यंत खोललं. फरक फेऱ्याचा होता, लोडचा होता, ऑइलचा आणि पाण्याचा होता. म्हणून गाडी ठरवण्याआधी तुमचा फेरा कागदावर मांडा. दिवसाला किती किलोमीटर, त्यात सलग किती, लोड किती, इंजिन चालू ठेवून उभं राहणं किती. उत्तर त्यातच आहे.

आधी बीएस-६ची भीती. १ एप्रिल २०२०पासून देशात नवीन गाडी बीएस-६च मिळते. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५०) १०वर आलं आणि गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी आली. धुरातली काजळी ही जाळी धरून ठेवते. भरत आली की ती काजळी जाळावी लागते, त्यासाठी आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी हायवेला तासभर लोडवर पळाली की काजळी बरीचशी आपोआप जळते. तेवढी उष्णता झाली नाही तर कॉम्प्युटर जादाचं डिझेल सोडून जाळी तापवतो. ही जाळणी सुरू असताना तुम्ही गाडी बंद केली, परत चालू केली, परत बंद केली, की काम अर्धवट राहतं. असं चार-सहा वेळा झालं की लाईट लागते, आणि त्यावरही दुर्लक्ष केलं की गाडी ताकद कमी करून स्वतःला वाचवते. लोक त्यालाच ‘इंजिन बसलं’ म्हणतात. इंजिन धडधाकट असतं, त्याचा श्वास कोंडलेला असतो.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण दूध संकलनाच्या गाडीचं पाहिलंय. दर अर्ध्या किलोमीटरला थांबायचं, कॅन चढवायचे, इंजिन चालूच. सकाळ-संध्याकाळ मिळून वीसेक किलोमीटर, पण एकदाही गाडी नीट तापलेली नाही. मालक माझ्याकडे आले ते खुशीत. ‘दादा, ही गाडी ऑइल खात नाही, उलट वाढतंय!’ डिपस्टिक काढली तर वरच्या खुणेच्या बोटभर वर ऑइल. बोटाला लावून चोळलं तर पाण्यासारखं पातळ, नाकाला धरलं तर डिझेलचा वास. जाळी तापवायला सोडलेलं डिझेल पुरतं जळलं नव्हतं, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं. महिनोनमहिने तसंच. ऑइल सोडलं, खालचं चेंबर काढलं, बेअरिंगचा वरचा थर गेलेला. वाढलेलं ऑइल हे कमी झालेल्या ऑइलपेक्षा जास्त घाबरण्यासारखं आहे, हे घरातल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगून ठेवा.

आता तुमचा फेरा बघू. रोजचे ९ किलोमीटर हे डीपीएफला पुरत नाहीत. पण वाशीची फेरी आठवड्यातून दोनदा आहे, ती जाळी साफ ठेवायला भरपूर झाली. धोका आहे तो सीझन संपल्यावर, जेव्हा गाडी फक्त बाजार आणि शेत करते. त्या काळात आठवड्यातून एकदा ती मोकळ्या रस्त्याला काढायची, खालच्या गिअरवर २००० आरपीएमच्या वर ठेवून अर्धा-पाऊण तास सलग चालवायची. तेवढ्या डिझेलचा हिशेब करू नका, जाळीच्या किमतीपुढे ते काहीच नाही. आयडलचा आवाज नेहमीपेक्षा थोडा चढलेला, फॅन चालू, मागून तापल्याचा वास, असं लक्षात आलं तर जाळणी सुरू आहे समजा. दहा-पंधरा मिनिटं गाडी बंद करू नका, चालवत राहा. आणि एक गोष्ट शेतकऱ्यानं विसरू नये: अशा तापलेल्या गाडीला वाळल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करायची नाही. खालून पेट घेतं.

ऑइलची गोष्ट याच जाळीशी जोडलेली आहे. चुलीतल्यासारखंच आहे बघा: काजळी जळून जाते, राख उरते. ऑइलमधली रसायनं जळून जी राख होते ती डीपीएफमध्ये कशानंच जळत नाही, साचत जाते. म्हणून बीएस-६ला कमी राखेचं ऑइल लागतं, कंपनीच्या पुस्तकात ज्या ग्रेडचं लिहिलंय तेच. आपल्याकडे काय होतं, ट्रॅक्टरसाठी आणलेला डबा शेडमध्ये असतो, तोच ओततात. जुन्या इंजिनाला ते चाललं असतं. या इंजिनाला प्रत्येक डब्यामागे जाळीचं आयुष्य कमी होतं.

काही मॉडेलना डीईएफ, म्हणजे युरियाचं पाणी, वेगळ्या टाकीत भरावं लागतं. डिझेलच्या झाकणाजवळ निळं झाकण दिसलं तर ती गाडी त्यातली. ३२.५ टक्के युरिया आणि शुद्ध पाणी, एवढंच ते असतं, पण शेतातल्या युरियाच्या गोणीतून ते घरी बनवण्याच्या फंदात पडू नका. एकानं बनवलं होतं. पंप, नळ्या, नोझल, सगळीकडे खडे झाले आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट खर्च आला.

कुणीतरी तुम्हाला ‘डीपीएफ काढून टाका, कॉम्प्युटरमध्ये मॅप मारून देतो’ म्हणेल. माझ्याकडेही रोज विचारणा होते, मी करत नाही. ते नियमात बसत नाही, वॉरंटी जाते, गाडी विकताना समोरच्याच्या गळ्यात पडते, आणि तो धूर आपल्याच बाजारातल्या हमालांच्या छातीत जातो. जाळी चोक का झाली हे न शोधता जाळीच काढली तर मूळ दोष, मग तो गळका इंजेक्टर असो की ऑइल सोडणारा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), तसाच आत राहतो आणि नंतर इंजिन घेऊन जातो.

आता इंजिनाच्या ताकदीचं. शोरूममध्ये एचपी आणि टॉर्क सांगतात, पण मी आणखी एक भागाकार करायला सांगतो. बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं इंजिन साधारण ७५ एचपी देतं, म्हणजे लिटरमागे ३०. टाटा योद्धाचं २.२ लिटरचं इंजिन १०० एचपी, लिटरमागे ४६च्या आसपास. इंट्रा व्ही-५०चं दीड लिटरचं इंजिन ८० एचपी, लिटरमागे ५३. अशोक लेलँड दोस्तही तीन सिलिंडरचं दीड लिटरचंच. लिटरमागचा आकडा जितका जास्त तितकं ते इंजिन आपल्या आकाराच्या मानानं जास्त राबतं, तितकं त्याला ऑइल, कुलंट आणि हवेचा फिल्टर वेळेवर लागतो. याचा अर्थ लहान इंजिन वाईट असा नाही. मर्यादेत लोड आणि वेळेवर सर्व्हिस असेल तर ते डिझेल कमी खाऊन वर्षानुवर्षं चालतं. पण ज्याच्या घरी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत सर्व्हिस लांबते, ज्याचा ड्रायव्हर दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याला मी मोठं, सुस्त, कमी ताणाचं इंजिनच घ्यायला सांगतो. ते हलगर्जीपणा जास्त दिवस सोसतं.

लोडचा हिशेबही आत्ताच करून ठेवा. १७०० किलो पासिंगची, म्हणजे कागदावर तेवढा माल न्यायची परवानगी असलेली गाडी घेतली, कॅरेटात २० किलो माल आणि कॅरेटचं स्वतःचं दोनेक किलो वजन धरलं, तर साधारण ७७ कॅरेट बसतात. आपल्याकडे भरतात १२०. म्हणजे २६०० किलोच्या वर. पाटे वाढवून हौदा सरळ उभा राहतो खरा, पण क्लच, गिअरबॉक्स, बेअरिंग आणि कुलिंग १७००च्याच हिशेबानं बनवलेलं असतं. १२० कॅरेट न्यायचेच असतील तर वरच्या पासिंगची गाडी घ्या, त्यात दोन टनापर्यंतच्या पिकअप मिळतात, किंवा दोन फेऱ्या करा. भीती इंजिनाची वाटते म्हणता, तर ही एक गोष्ट पाळली की त्यातली अर्धी भीती गेली.

तुमच्या वाटेची एक गंमत आहे, ती लक्षात घ्या. माळशेज तुम्ही भरलेल्या गाडीनं उतरता आणि रिकाम्या कॅरेटांवर चढता. म्हणजे चढणीचा ताण कमी, उतरणीचा जास्त. कित्येक ड्रायव्हर डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलवर उतरतात. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच नळीतलं दाबाचं डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमावर सोडणाऱ्या गाडीत गिअर टाकून पाय उचललात की इंजेक्टर डिझेल सोडायचं थांबवतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलसाठी डिझेल जळत राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून उलट जास्त डिझेल जाळतात. तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेकही थंड राहतात. येताना खताच्या गोण्या भरून घाट चढला असाल तर वर चहाला थांबल्याबरोबर चावी फिरवू नका. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. टर्बो लालबुंद असतो, ऑइल बंद झालं की आतलं ऑइल तिथंच करपतं.

आता २०१८ची गाडी. ‘बीएस-४ साधी असते’ हे ऐकलेलं अर्धवट खरं आहे. डीपीएफ सहसा नसतो, पण कॉमन रेल, टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग), कॉम्प्युटर हे सगळं असतंच. तिचं दुखणं डीपीएफचं नाही, वयाचं आणि मागच्या मालकाच्या सवयीचं असेल. ते ओळखायला मी कसं बघतो ते सांगतो.

मालकाला आदल्या दिवशी सांगा, मी सकाळी येतो, माझ्याआधी गाडीला सेल्फ मारू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा. थंड इंजिनाचंच रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना चुकूनही नको. आतल्या पाण्याला रंग हवा, हिरवा किंवा लाल, कुलंटचा. गढूळ तांबूस पाणी म्हणजे साधं पाणी घातलंय, आत गंज आहे. झाकणाच्या कडेला पांढरी खडूसारखी पुटं दिसली तर बोअरचं पाणी वापरलंय. बोअरच्या क्षारांनी आतल्या वाटा बुजतात, मग गाडी घाटात तापते, हेड गॅस्केट जातं. पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट लगदा दिसला तर ऑइल-पाणी एक झालंय. तिथूनच परत फिरा.

मग झाकण उघडंच ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर कॉम्प्रेशन पाण्यात जातंय. धूर बघा. पहिला थोडा पांढरट धूर थंडीत चालतो, दोन मिनिटांत जायला हवा. निळसर धूर राहिला तर ऑइल जळतंय. लोडवर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: फिल्टर, टर्बोची फाटकी नळी किंवा इंजेक्टर. यातलं पहिलं किरकोळ काम, शेवटचं फार मोठं. म्हणून काळ्या धुरावर लगेच गाडी नाकारू नका, कारण शोधा.

इंजिन तापल्यावर ऑइल भरायचं झाकण सोडवून उलटं त्याच भोकावर ठेवा. थोडं थरथरेल, ते ठीक. पण उडून पडायला लागलं, भसाभसा धूर आला, तर पिस्टन-रिंग झिजल्यात, इंजिन बांधायला झालंय. त्याचा खर्च किमतीतून वजा करा नाहीतर सोडून द्या.

इंजेक्टरची परीक्षा मात्र गॅरेजमध्ये घ्या. मी चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्या काढतो आणि चार सारख्या छोट्या बाटल्यांत सोडतो. इंजिन आयडलवर पाच मिनिटं चालवायचं. चारही बाटल्यांत जवळजवळ सारखं डिझेल जमलं तर मन निश्चिंत. तीन बाटल्यांत तळाशी करंगळीएवढं आणि चौथी अर्धी भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतोय. कितीही गोड बोलणारा मालक असो, बाटली खोटं बोलत नाही. असा इंजेक्टर असलेली गाडी सकाळी थंड असताना झटकन चालू होते, फसवते. गरम झाल्यावर डिझेल पातळ होतं, गळती वाढते, आणि मग सेल्फ मारत बसावं लागतं. म्हणून गाडी वीसेक किलोमीटर फिरवून आणल्यावर बंद करा, दहा मिनिटं थांबा, परत चालू करून बघा. नव्या एका इंजेक्टरला पाच आकडी रक्कम जाते, चार धरा आणि बोली करा. स्कॅनरही फिरवून आणल्यावरच लावा. विकायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड पुसून ठेवणारे असतात, गाडी पळाली की खरे कोड परत येतात.

१ लाख ३८ हजार हा आकडा मीटरवरून खरा मानू नका. क्लच-ब्रेक पेडलचं रबर, स्टीअरिंग, गिअरच्या मुठीचा गुळगुळीतपणा बघा, आणि गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला शेवटच्या सर्व्हिसचं रनिंग विचारा. कागद सरकारच्या एमपरिवहन ॲपवर बघता येतात. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आरटीओचं फिटनेस पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं, तो खर्चही जुन्या गाडीच्या हिशेबात धरा.

दोन्ही गाड्यांना सारखा लागू होणारा धोका डिझेलचा आहे. ट्रॅक्टरसाठी बॅरलमध्ये भरून ठेवलेलं डिझेल पिकअपमध्ये ओतू नका. बॅरलच्या तळाशी पाणी आणि गंज असतो, ट्रॅक्टरचा जुना पंप तो पचवतो. कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारच्या घरात जातो, तिथं पाण्याचा थेंब म्हणजे घासकागद. फिल्टरच्या खालचा पाण्याचा नट महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी सोडवून पाणी काढा. दोन मिनिटांचं काम आहे, माझ्याकडे यायचीही गरज नाही.

सीएनजीचाही विचार येईल तुमच्या मनात. रोजच्या ९ किलोमीटरला ती उत्तम, डीपीएफची कटकटच नाही. पण भरलेला माल घेऊन वाशीपर्यंत जायचंय, पहाटेच्या लिलावाला पोहोचायचंय आणि वाटेत पंपावर रांग लागते, म्हणून तुम्हाला मी सांगणार नाही. नुसतं बाजार आणि शेत असतं तर तेच सांगितलं असतं.

तर तुमच्यासाठी माझं मत: सीझनला वाशीच्या फेऱ्या नक्की असतील तर नवी बीएस-६ घ्या, वॉरंटीत घ्या. कंपनी ठरवायला एक दिवस पहाटे नारायणगावच्या बाजारात उभे राहा आणि कुठल्या गाड्या जास्त आहेत ते मोजा. जी गाडी जास्त, तिचे पार्ट आणि तिचं स्कॅनर जाणणारा मिस्त्री जवळ मिळणार. मालकांना विचारू नका, ड्रायव्हरांना विचारा. कुठे लाईट लागली, कंपनीनं किती दिवस गाडी ठेवून घेतली, हे तेच सांगतात. हप्ता झेपत नसेल तरच २०१८ची बघा, आणि ती बाटल्यांच्या परीक्षेत पास झाली तरच. घ्यायची ठरली तर पहिल्याच दिवशी ऑइल, तिन्ही फिल्टर आणि कुलंट बदला, मागच्या मालकानं ‘परवाच केलंय’ म्हटलं तरी. सोडलेलं जुनं ऑइल फेकू नका, एका स्वच्छ बाटलीत घेऊन या. ते पांढऱ्या कापडावर सांडून चुरा चमकतोय का ते आपण दोघं मिळून बघू.